पिक्चर सुटला, कुदळ काढा!

चांगला पिक्चर बघून आल्यावर माणूस काय करतो? स्टेटस ठेवतो. मित्राला डायलॉग ऐकवतो. फारच चढला असेल तर हिरोसारखी दाढी राखतो. पण बुऱ्हाणपूरकडच्या पब्लिकने काय केलं, माहीत आहे का? शेत खणलं!

होय, शेत! १४ फेब्रुवारी २०२५ ला ‘छावा’ लागला. त्याची सुरुवातच बुऱ्हाणपूरवरच्या मराठ्यांच्या छाप्याने होते. धूळ, घोडे, तलवारी आणि मधोमध विकी कौशल. आपल्या जिल्ह्याचं नाव एवढ्या मोठ्या पडद्यावर आलं म्हटल्यावर धूलकोटपासून असीरगडापर्यंत सगळ्यांची कॉलर टाइट. मार्च उजाडला आणि असीरगडाजवळच्या शेतांत रात्रीच्या अंधारात दिवे लुकलुकायला लागले. मोबाइलचे टॉर्च! कुणी कुदळ घेऊन आलेला, कुणी माती चाळतोय, आणि दोन-चार हायटेक मंडळींकडे चक्क मेटल डिटेक्टर.

कुजबुज अशी होती, की महामार्गाच्या कामाची माती शेतात आणून टाकली आणि तिच्यात मुघलांच्या जमान्यातली सोन्याची नाणी निघाली. मग काय, व्हिडिओ व्हायरल, पोलीस हजर, पब्लिक पसार. खड्डे मात्र जागच्या जागी.

आता गंमत बघा. सिनेमातला छापा खरा आहे, १६८१ चा. संभाजी महाराजांनी कारभार हाती घेतला आणि थोड्याच दिवसांत हंबीरराव मोहित्यांच्या फौजेने बुऱ्हाणपूरचा बहादूरपुरा लुटला. ऐवज उचलला आणि नेला. अहो, नेला! मग इथे खणून काय मिळणार, राव?

पण या पट्ट्याचं हे असंच आहे. बुऱ्हाणपूर, खंडवा, खान्देश, मालेगाव… इथला फॅन सिनेमा बघून गप्प बसत नाही, कामाला लागतो. कुणी खणतो, कुणी गातो, कुणी थेट स्वतःचा ‘शोले’ काढतो. चला तर, फ्रंट बेंच रिकामा आहे.

दोन शुक्रवार, एक हिरो

‘छावा’चे दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर आधी कॅमेरामन होते, माहीत आहे का? श्रीदेवीचा ‘इंग्लिश विंग्लिश’ आणि आलिया-शाहरुखचा ‘डिअर जिंदगी’ त्यांनीच शूट केलाय. लाडूवालीपासून छाव्यापर्यंत, रेंज बघा!

‘छावा’त कवी कलश झालाय विनीतकुमार सिंग. बरोबर दोन आठवड्यांनी, २८ फेब्रुवारीला, तोच विनीत पुन्हा पडद्यावर आला. या वेळी मालेगावचा लेखक फरोग बनून, रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’मध्ये. पंधरा दिवसांत दोन सिनेमे आणि दोन्हीकडे हातात लेखणीच. एक बुऱ्हाणपूर लुटणाऱ्यांच्या बाजूचा, दुसरा मालेगावात मनं लुटणारा.

वेलकम टू मॉलिवूड

मालेगाव म्हणजे यंत्रमागांचं गाव. खटखट, खटखट, दिवसरात्र. शुक्रवारी माग बंद आणि टॉकीज फुल्ल! गावात नासिर शेख नावाचा एक अवलिया व्हिडिओ पार्लर चालवायचा. तिथे चार्ली चॅप्लिनही लागायचा आणि ब्रूस लीही. बघता बघता त्याच्या डोक्यात आलं, की हे आपणच केलं तर? २००० च्या सुमारास त्याने ‘मालेगाव के शोले’ बनवला. बजेट माहीत आहे का? सुमारे ५० हजार रुपये! आजकाल एवढ्यात प्री-वेडिंग शूट तरी होतं का, विचारा फोटोग्राफरला.

सिप्पींच्या ‘शोले’त डाकू घोड्यावरून येतात. मालेगावचे डाकू सायकलवरून आले! गब्बरचा झाला रबरसिंग आणि बसंतीची झाली बासमती. भात शिजला एकदम मोकळा. गावात पिक्चर सुपरहिट.

आता जरा जवळून बघा, कारण खरी कारागिरी इथे आहे. मोठ्या सेटवर कॅमेरा गुळगुळीत सरकावा म्हणून रूळ टाकतात, त्यावर ट्रॉली चालते. मालेगावात ट्रॉलीचं काम केलं सायकलने. कॅमेरावाला सायकलवर बसणार आणि बाकीचे हळूहळू ढकलणार. क्रेन शॉट हवाय? बैलगाडी आणा! गाडीची एक बाजू दाबली की दुसरी बाजू कॅमेऱ्यासकट वर. एडिटिंगला सुरुवातीच्या काळात दोन व्हीसीआर. एकावर प्ले, दुसऱ्यावर रेकॉर्ड, आणि बोट पॉज बटणावर. बोट चुकलं की सीन पुन्हा. कलाकार कोण? मागावरचे कामगार आणि दोस्तमंडळी. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवतात ते सगळं यांनी जुगाडात शिकून घेतलं, आणि माझ्या मते त्यातलं अर्धंअधिक जास्त चांगलं. कारण शॉट कशासाठी घ्यायचा हे आधी पक्कं असायचं, यंत्र नंतर.

मग आला ‘मालेगाव का सुपरमॅन’. क्रिप्टॉनवरून आलेला, पण लढतो कुणाशी? गुटखा-तंबाखूशी! मालेगावच्या भिंतींचे रंग बघितलेत, तर हा व्हिलन पटकन पटेल. सुपरमॅन झाला शफीक शेख, अंगकाठी अशी की वाऱ्यानेही उडेल. दिवसा मागावर काम, शूटिंगला लाल केप. हा सिनेमा कसा बनला यावर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. त्यातली धमाल माहीत आहे का? शूटिंग ऐन रंगात असताना एकुलता एक कॅमेरा पाण्यात पडला! तो दुरुस्त होतोय न होतोय तोच सुपरमॅन रजेवर. कारण? सुपरमॅनचं लग्न!

हसता हसता इथे घास अडकतो. तंबाखूच्या व्हिलनला लोळवणारा शफीक कॅन्सरशी झुंजत होता आणि त्यातच तो गेला. जग वाचवणाऱ्याचं वय फार नव्हतं.

मालेगावचं खूळ पुढच्या पिढीतही उतरलंय. यूट्यूबवरचा ‘छोटू दादा’ आठवतोय ना? ट्रॅक्टरपासून डॉनगिरीपर्यंत सगळं करणारा, उंचीने छोटा आणि व्ह्यूजने मोठा. ते व्हिडिओ याच मातीतले आणि व्ह्यूज कोटींच्या कोटीत. तिकीट खिडकी नाही, पोस्टर नाही, थेट खिशातल्या स्क्रीनवर हाऊसफुल्ल.

फॅनगिरी कधी कधी हाताबाहेरही जाते, बरं का. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘टायगर ३’ लागला तेव्हा मालेगावच्या एका टॉकीजमध्ये चालू शोला प्रेक्षकांत फटाके फुटले. रॉकेटंसुद्धा! खुद्द सलमानला सांगावं लागलं, की बाबांनो, स्वतःचा आणि दुसऱ्यांचा जीव धोक्यात न घालता पिक्चर बघा.

जंक्शनवरचा जादूगार

मालेगाव झालं, आता गाडी वळवा खंडव्याकडे. बुऱ्हाणपूरच्या शेजारचाच हा जिल्हा. वकील कुंजलाल गांगुलींच्या घरी ४ ऑगस्ट १९२९ ला एक मुलगा जन्मला, नाव आभासकुमार. ओळखलंत? किशोरकुमार! स्वतःचं नाव उलटं करून ‘रशोकी रमाकू’ म्हणून सांगायची त्याची खोड प्रसिद्ध आहे. घरी जाऊन तुमचं नाव उलटं करून बघा, आम्ही थांबतो.

त्याच वर्षी, २८ सप्टेंबरला, खंडव्यापासून फार लांब नाही अशा इंदुरात आणखी एक बाळ जन्मलं. लता मंगेशकर! दोघांच्या वाढदिवसांत दोन महिन्यांचंही अंतर नाही. पुढे मुंबईत दोघं एकाच लोकलमध्ये. लताबाई उतरल्या तिथे हा उतरला, त्यांनी टांगा केला तर मागे याचा टांगा. स्टुडिओत पोचल्यावर त्यांनी संगीतकार खेमचंद प्रकाशांकडे तक्रार केली, की हा मुलगा माझा पाठलाग करतोय. खेमचंद हसले, “अगं, हा अशोककुमारचा भाऊ!” दोघांना एकाच रेकॉर्डिंगला जायचं होतं, ‘जिद्दी’च्या.

आता खान्देशी वाचकांनी कॉलर वर करा. लताबाईंच्या आईचं माहेर थाळनेर. शिरपूर तालुक्यातलं, तापीकाठचं. तीच तापी बुऱ्हाणपुराच्या भिंतीला लागून वाहत येते. आणि शिरपूर म्हटलं की स्मिता पाटील! वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ अशी दोन राष्ट्रीय पारितोषिकं, त्याआधी दूरदर्शनवर बातम्या. एका तालुक्याच्या खात्यात एक आजोळ आणि एक सुपरस्टार, अजून काय पाहिजे?

किशोरकडे परत. इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकताना कँटीनवाल्याची उधारी राहिली, पाच रुपये बारा आणे. ‘चलती का नाम गाडी’तल्या (१९५८) एका गाण्यात हीच रक्कम येते, ती तिथूनच, असा किस्सा सांगतात. कँटीनवाल्याला पैसे मिळाले की नाही कुणास ठाऊक, हिशेब अमर झाला.

‘हाफ तिकीट’मधलं (१९६२) गमतीचं गाणं माहीत आहे का? पुरुषाचा आवाज किशोरचा, बाईचा आवाजही किशोरचाच! लताबाई उपलब्ध नव्हत्या, सलील चौधरींना गाणं उरकायचं होतं, गडी म्हणाला दोन्ही मीच गातो. पडद्यावरही बाईच्या वेशात तोच. प्राणसाहेब समोर भाव खात उभे.

आणि मराठीत? सचिन पिळगावकरांच्या ‘गंमत जंमत’मधलं ‘अश्विनी ये ना’ त्याचंच, अनुराधा पौडवालांसोबत. सिनेमा १९८७ चा. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला किशोर गेला. तारीख नीट बघा. १३ ऑक्टोबर हा थोरल्या भावाचा, अशोककुमार ऊर्फ दादामुनींचा, वाढदिवस. दादामुनींनी पुढे वाढदिवस साजरा करणं सोडलं.

दादामुनींची एन्ट्री तर आणखी फिल्मी. हे गृहस्थ बॉम्बे टॉकीजच्या लॅबमध्ये कामाला होते, अभिनय वगैरे डोक्यात नाही. ‘जीवन नैया’चा हिरो आणि हिरॉईन देविकाराणी पळून गेले! देविकाराणी परत आल्या, हिरोला मात्र कायमचा डच्चू. मालक हिमांशू राय यांनी लॅबमधल्या पोराला उभं केलं, ‘चल, तू हिरो.’ तोच पुढे १९४३ च्या ‘किस्मत’चा नायक, जो कोलकात्याच्या रॉक्सीत तीन वर्षांहून जास्त चालला. त्याला म्हणतात ‘किस्मत’!

किशोरला मुंबई सोडून खंडव्यात दूध-जिलबी खात राहायचं होतं. अंत्यसंस्कार खंडव्यातच झाले, आणि दर ४ ऑगस्टला चाहते त्याच्या समाधीवर दूध-जिलबीचा नैवेद्य दाखवतात. जिलबीचा विषय निघालाच आहे तर बुऱ्हाणपूरची मावा जिलबी विसरू नका. काळपट, जाडजूड, खव्याची. ती रमजानात मुंबईच्या भेंडी बाजारातही बुऱ्हाणपूरच्याच नावाने खपते. खंडवा की बुऱ्हाणपूर, हा वाद आम्ही सोडवणार नाही. दोन्हीकडे खायला बोलवा, मग बघू.

इंटरव्हलमधले फुटाणे

‘ताजमहाल’ नावाचे सिनेमे आग्र्यात घडतात. पण मुमताज गेली कुठे? बुऱ्हाणपुरात! १६३१ साली, चौदाव्या बाळंतपणात. तापीपलीकडच्या आहुखान्यात तिला आधी दफन केलं आणि मग आग्र्याला नेलं. लोकेशन त्यांचं, क्लायमॅक्स आमचा.

शुक्रवारी पेपरात नव्या पिक्चरची पानभर जाहिरात यायची, आठवतंय? तो कागद कुठला, माहीत आहे का? बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलंच नेपानगर! १९५५ पासून इथे वर्तमानपत्राचा कागद बनू लागला, आणि कितीतरी वर्षं देशात असा कारखाना हा एकच. म्हणजे हिरो मुंबईचा, पण त्याचा चेहरा छापला नेपाच्या कागदावर. भेळवाल्यानेही त्याच चेहऱ्यात भेळ दिली.

महेश्वरचा घाट बांधला अहिल्याबाईंनी, गाजवला कॅमेरावाल्यांनी. शाहरुखचा ‘अशोका’ तिथे, अक्षयचा ‘पॅडमॅन’ तिथे, आणि मणिरत्नमच्या ‘पोन्नियिन सेल्वन’चं युनिटही तिथेच. मौर्यांपासून चोळांपर्यंत सगळ्यांना होळकरांचा घाट लागतो!

दादा कोंडके यांचं नाव गिनीज बुकात का? सलग नऊ सिनेमे सिल्व्हर ज्युबिली! लोंबती नाडी सांभाळत नऊदा पंचवीस आठवडे. गुळगुळीत हिरोंनी हेवा करावा असा हा हिशेब आहे.

मुंबईच्या मराठा मंदिरात २० ऑक्टोबर १९९५ ला ‘दिलवाले दुल्हनिया’ लागला आणि वर्षानुवर्षं उतरलाच नाही. राज-सिमरनची पोरंही लग्नाला आली असतील एव्हाना, ट्रेन मात्र अजून सुटतेय.

आणि जिथे टॉकीज नाही तिथे? तंबू! जत्रेत ट्रकमधून प्रोजेक्टर यायचा, कनात लागायची, प्रेक्षक मातीवर मांडी घालून. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये थेट कान महोत्सवात पोचला आणि तिथे त्याची खास दखल घेतली गेली. जत्रेतला तंबू, फ्रान्सचा समुद्रकिनारा. याला म्हणतात टुरिंग!

कमिंग सून

आता पुढच्या रिळाकडे. रितेश देशमुख स्वतः दिग्दर्शित करून स्वतःच छत्रपती झालाय, त्या ‘राजा शिवाजी’साठी तारीख जाहीर झाली १ मे २०२६. महाराष्ट्र दिनच! संगीत अजय-अतुल आणि कॅमेरा संतोष सिवन. सिवन म्हणजे कोण, माहीत आहे का? महेश्वरच्या घाटावरचा तो ‘अशोका’ दिग्दर्शित करणारेच.

दादासाहेब फाळक्यांवर एक नाही, दोन सिनेमे जाहीर झालेत. २०२३ मध्ये राजामौलींनी सादर करायचा ‘मेड इन इंडिया’, आणि २०२५ मध्ये आमिर खान-राजकुमार हिरानी या जोडीचा. ज्या माणसाला पहिल्या सिनेमासाठी एक हिरॉईन मिळेना, त्याच्यासाठी आज दोन-दोन युनिटं रांगेत!

हिरॉईनचं प्रकरण सांगतोच, पण आधी वाटाणा. होय, वाटाणा! भांडवल हवं होतं, पण सिनेमा ही काय चीज आहे हे सावकाराला कळणार कसं? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेत राहिले. मग ती फीत सलग दाखवली. डोळ्यांदेखत अंकुर फुटला, वेल चढली! सावकार खल्लास, कर्ज मंजूर. आज तुमच्या मोबाइलमध्ये ‘टाइमलॅप्स’ बटण आहे ना, त्याचा हा पणजोबा.

आणि फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई? कच्ची फिल्म यायची तिला कडेची भोकं नसायची. भोकं नाहीत तर ती कॅमेऱ्यात सरकणार कशी? काम करायचं अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म खलास. दिवसभर अख्ख्या युनिटचा स्वयंपाक, आणि रात्री काळोखात बसून बाई बोटांच्या अंदाजाने फिल्मला भोकं पाडत होत्या. आज दोन तासांच्या पिक्चरमध्ये सेकंदाला २४ या हिशेबाने १ लाख ७२ हजार ८०० फ्रेम असतात. त्या काळी हाताने हँडल फिरवायचे, वेग सोळाच्या आसपास. तरी भोकं मोजायला बसू नका, डोळे जातील. भारतीय सिनेमाची पहिली तंत्रज्ञ कोण, असा प्रश्न केबीसीत आला तर उत्तर लॉक करा.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. राणी तारामती करायला एकही बाई तयार नव्हती. फाळके जेवायला गेले ग्रँट रोडच्या एका खाणावळीत, आणि तिथल्या आचाऱ्याची नाजूक बोटं त्यांच्या नजरेत भरली. अण्णा साळुंके! महिना दहा रुपये मिळवणाऱ्या अण्णांना फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि आचाऱ्याची राणी झाली.

पुढचा शॉट तर कमालच. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये याच अण्णांनी राम केला, आणि सीताही! एकाच सिनेमात, एकाच माणसाने. आता २०२६ च्या दिवाळीला नितेश तिवारींच्या ‘रामायणा’चा पहिला भाग जाहीर झालाय आणि दुसरा २०२७ ला. रणबीर राम, साई पल्लवी सीता, यश रावण, संगीताला ए. आर. रहमानसोबत हॉलिवूडचा हान्स झिमर. व्हीएफएक्स करणाऱ्या कंपनीकडे ‘इंटरस्टेलर’ आणि ‘ड्यून’चे ऑस्कर आहेत. दिग्दर्शक मात्र आपल्याच मध्य प्रदेशातले, इटारसीचे. खंडव्याहून गाडी पकडा, सरळ इटारसीच लागते.

आणि अण्णा? दोन्ही भूमिका करून झाल्यावर ते पुढे कॅमेऱ्यामागेही गेले, छायालेखक म्हणून सिनेमे करू लागले. म्हणजे आचारी, राणी, राम, सीता आणि कॅमेरामन. दाखवा असा बायोडेटा कुणाकडे असेल तर!